इंजिन तापेपर्यंत

“कळंब्याला राहतो,” असे सांगितले की कोल्हापूरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, “आत की बाहेर?” मध्यवर्ती कारागृहाने आमच्या कळंब्याचे नाव एवढे मोठे करून ठेवले आहे, की एकोणिसाव्या शतकात शहराला पाणी मिळावे म्हणून बांधलेला आमचा तलाव, त्याच्या बाजूचे कात्यायनीचे डोंगर, पावसाळ्यात सांडव्यावरून वाहणारे पाणी पाहायला लोटणारी माणसे, यांची आठवण कुणाला होतच नाही. मी बाहेर राहतो. तलावापासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि दर रविवारी सकाळी सहा वाजता एका मोटारीच्या आवाजाने जागा होतो.

ही मोटार आमच्या समोरच्या मिस्त्रींची. मिस्त्रींनी सारे आयुष्य शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभे राहून काढले. उसाच्या मळ्यांत विहिरीवर टुकटुकणारी ऑईल इंजिने त्यांनी किती उघडली नि किती मिटवली, त्याचा हिशेब नाही. माणूस कामातून मोकळा झाला म्हणजे भजनी मंडळात जातो, नाही तर नातवंडांना बागेत नेतो. आमच्या मिस्त्रींनी एम.जी. मिजेट नावाची एक ठेंगणी, दोनच माणसांची विलायती स्पोर्ट्स मोटार भंगाराच्या भावात घरी आणली आणि तीन वर्षे तिची सेवा करून तिला पुन्हा रस्त्यावर उभे केले. एम.जी. म्हणजे मॉरिस गराजेस. ऑक्सफर्डच्या एका गराजातून निघालेले हे नाव. ह्या धाटणीची मिजेट १९६१ पासून १९७९ पर्यंत इंग्लंडात तयार होत होती. मिस्त्रींची गाडी १२७५ सी.सी.ची. रंग लालभडक. उंची इतकी कमी, की आत बसणे म्हणजे खुर्चीत बसणे नव्हे, न्हाणीघरात पाटावर बसणे होय. आमच्या घरात तिला ‘मिस्त्रींची धाकटी’ म्हणतात.

धाकटीबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती तिच्या दारातल्या मुक्कामाबद्दल. सुरू झाली की निघून जावे ना! तसे नाही. सुरू व्हायची आणि दारातच घुरघुरत उभी राहायची. माझ्या मनगटी घड्याळाने तो वेळ मिनिटभराचाच असे. पण रविवारच्या पहाटेचे मिनिट साठ सेकंदांचे नसते, हे कुठलाही नोकरदार सांगेल.

गेल्या वर्षी जून महिन्यातल्या एका रविवारी मी लेंगा सावरीत तरातरा त्यांच्या दाराशी गेलो. त्या आठवड्यात माझे डोके आधीच ठिकाणावर नव्हते. कॉलेज नुकते उघडले होते आणि वर्गात एक गोष्ट माझ्या हातून बिनसली होती. तिच्याकडे मी पुढे येईनच. ती सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी व्हायची नाही.

“काय सर, झोपमोड झाली व्हय?” मिस्त्री हसत म्हणाले.

“मामा, गाडी सुरू झाली आहे. मग निघत का नाही तुम्ही?”

“आवं सर, सुरू झालीया. तयार कुठं झालीया?”

मी व्याकरणाचा माणूस. दोन क्रियापदांतला भेद मला दुसऱ्या कुणी दाखवला, की राग ओसरतो. पुढच्या रविवारी, गाडी सुरू करायच्या आधीच, त्यांनी मला बोलावले आणि शेजारच्या पाटावर बसवले.

किल्ली एक घर फिरली. इंजिन गप्पच, पण मागच्या अंगाला टिक्‌टिक्‌टिक्‌ असा आवाज येऊ लागला. “त्यो पेट्रोलचा पंप. कार्बोरेटरची भांडी भरली की आपसूक गप्प हुतोय.” खरेच, थोड्या वेळाने आवाज थांबला. मग मिस्त्रींनी चोकची मूठ ओढली आणि सेल मारला. धाकटी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा तिने धरले आणि सारे अंग थरथरू लागले. सिनेमात पाहिलेले मला आठवले. मी म्हणालो, “आता थोडी रेस द्या की!”

झोपलेल्या मुलाला थोबाडीत मारून उठवा, असे मी सांगितले असते तरी मिस्त्रींनी माझ्याकडे याहून वेगळ्या नजरेने पाहिले नसते. त्यांनी डॅशबोर्डवरच्या एका तबकडीकडे बोट दाखवले. एकाच तबकडीत दोन काटे. एक तेलाच्या दाबाचा, दुसरा पाण्याच्या उष्णतेचा. तेलाचा काटा वर चढला होता. पाण्याचा ढिम्म होता.

“रातभर गाडी हुबी ऱ्हायली की समदं तेल खाली चेंबरात उतारतंय,” ते सांगू लागले. “बेअरिंगवर नावाला उरतंय. पयल्या घडीला तेल पोचायच्या आत तुमी रेस दिलासा, तर लोखंड लोखंडावर घासलं. आवाज येत न्हाई, धूर निघत न्हाई. पर घासलं ते घासलं.”

“पण काटा तर केव्हाच वर गेला!”

“त्योच फसवतोय. गार तेल काकवीवानी घट्ट. त्याला ढकलायला जोर लागतोय म्हणून दाब दिसतोय. अरुंद वाटंनं ते जातंय कुठं?”

कोल्हापूरच्या माणसाला काकवीची उपमा दिली म्हणजे पुढे स्पष्टीकरण लागत नाही. गुऱ्हाळावर कढईतली काकवी कशी धावते आणि तीच थंडीत बरणीतून कशी उतरत नाही, हे आम्हांला लहानपणापासून ठाऊक. तरी एक शंका राहिलीच. मी म्हणालो, “मामा, ही काही विलायत नव्हे. इथे बावीस-पंचवीस अंशांत कसली आली आहे थंडी?”

“तुमाला न्हाई वाजत ती. इंजिनाचं घर हाय ऐंशी-नव्वद डिग्रीचं. तितनं बघितलं तर पंचवीस म्हंजे कडाकाच की!”

ही गोष्ट मला कधी सुचली नव्हती. आपण आपल्या कातडीने दुसऱ्याची थंडी मोजतो. घरी येऊन मी पुस्तके उघडली, दोन-चार जाणत्यांना विचारले, आणि मिस्त्रींचे बोलणे अक्षरशः खरे निघाले. पिस्टन असतो ॲल्युमिनियमचा आणि तो ज्यात वरखाली होतो ते बोअर असते बिडाचे. ॲल्युमिनियम तापले की बिडापेक्षा जास्त फुगते. म्हणून गार असताना पिस्टन जरा सैल ठेवावा लागतो. दोघेही तापले म्हणजे मग माप बरोबर जुळते. तोवर पिस्टन बोअरमध्ये किंचित डुलत असतो. शिवाय चोक ओढला की पेट्रोल जास्त जाते, आणि न जळलेले पेट्रोल बोअरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते. म्हणजे तेलाची गरज जेव्हा सर्वांत जास्त, तेव्हाच ते सर्वांत कमी! मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “दिवाळीला अभ्यंगस्नान करताना आई आधी काय लावायची? तेल. गरम पाणी मागनं. तेल न लावता कडकडीत पाणी घेटलं तर आंग फुटतंय. एवढंच की.”

मिनिटभराने आम्ही निघालो. गारगोटीच्या रस्त्याने, इस्पुर्लीच्या दिशेने. मला वाटले होते, आता धाकटी आपले गुण दाखवणार. पण मिस्त्री बैलगाडी हाकावी तसे चालले होते. चोकची मूठ ते हळूहळू आत सारीत होते. दुसरा गिअर घालताना त्यांनी क्षणभर दम धरला. “गिअरबॉक्सातलं तेल बी गारच असतंय. त्याला हुबं ऱ्हाऊन कोण तापवणार? चाललं तरच तापतंय.” चार-पाच मिनिटांत पाण्याचा काटा आपल्या जागी आला. मी सुस्कारा टाकला. पण मिस्त्रींची चाल बदलेना. पाणी लवकर तापते, तेलाला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, असे त्यांचे म्हणणे. तेलाची उष्णता दाखवणारा काटा ह्या गाडीला नाही. मग कळायचे कसे? तेल पातळ झाले की दाबाचा चढलेला काटा थोडा खाली येतो. त्या खाली येण्याकडे मिस्त्रींचे लक्ष होते. इस्पुर्ली जवळ आली तेव्हा त्यांनी तबकडीकडे एकदा पाहिले, टोपी घट्ट केली आणि म्हणाले, “आता बसा धरून.”

पुढच्या दहा मिनिटांबद्दल मी लिहीत नाही. घरी कळलेले नाही.

यानंतर थोड्याच दिवसांनी पुण्याहून माझा भाचा आला. त्याने नवी जर्मन बनावटीची स्पोर्ट्स मोटार घेतली आहे. तिला किल्ली नाही, चोक नाही. बटण दाबले की ती वाघासारखी गर्जते. परत निघताना त्याने ती गर्जना गल्लीला दोन-तीनदा ऐकवली. समोरचे दार उघडून मिस्त्री धावतच बाहेर आले.

“मामा, ही जुन्या जमान्यातली नाही,” भाचा समजुतीने म्हणाला. “हिच्यात कॉम्प्युटर आहे. पेट्रोल किती, हवा किती, सगळं तोच बघतो. तापवत बसायची गरज नाही.”

मला वाटले, आता खडाजंगी. पण मिस्त्री म्हणाले, “बरोबर हाय तुमचं. हुबं ऱ्हाऊन तापवू नगाच. लगीच निघायचं. पर पयली दहा-पंधरा मिन्टं हळू. कॉम्प्युटरला पेट्रोल मोजता येतंय वो, तेल पातळ करता येत न्हाई.”

भाच्याने मग स्वतःच कबूल केले, की बी.एम.डब्ल्यू.च्या एम जातीच्या काही गाड्यांत फेऱ्यांच्या तबकडीभोवती दिवे असतात. इंजिन गार असताना ते ‘इथवरच’ असे बजावतात आणि तेल तापेल तसे एकेक करून विझतात. त्याहून नवल फॉर्म्युला वनच्या गाड्यांचे. त्यांच्या इंजिनातली मापे इतकी घट्ट, की गार असताना ते जवळजवळ फिरतच नाही. आधी बाहेरून गरम पाणी नि तेल त्यात खेळवावे लागते आणि मग सुरू करावे लागते. इतके वेगवान वाहन सुरू होण्यापूर्वी इतके लाड करून घेते, हे ऐकून मला मौज वाटली.

मिस्त्रींच्या मते चुका दोन आहेत. एक, गार इंजिनाला रेस देणे. दुसरी, पंधरा-पंधरा मिनिटे दारात उभे करून तापवत बसणे. उभ्या गाडीचे इंजिन सावकाश तापते, तोवर जादा पेट्रोल तेलात उतरून तेल पातळ नि निकामी होते, प्लगवर काजळी धरते. “उभ्या उभ्या गाडी तयार हुत न्हाई सर, नुसती कंटाळतीया.” मिनिटभर श्वास घेऊ द्यावा आणि मग हलक्या कामाला लावावे. तापायचे ते चालता चालता.

हे काही त्यांनी पुस्तकातून घेतले नव्हते. कोल्हापुरात राहून घेतले होते. खासबाग मैदान १९१२ साली शाहू महाराजांनी उभे केले. तिथे आखाड्यात उतरलेला पैलवान सलामी झाल्याबरोबर मुसंडी मारीत नाही. त्याआधी तालमीत जोर-बैठका होऊन अंगाला घाम आलेला असतो. आखाड्यातही आधी माती, मग हाताला हात, मग खडाखडी. त्याच महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई होता. त्यांच्या घराण्याची मैफल ऐकावी. गवई विलंबितात राग उलगडतो, तेव्हा तो ताटकळत बसलेला नसतो. तो गातच असतो. तानेची घाई मात्र नसते. मल्ल आणि गवई यांना जे ठाऊक, ते मिस्त्रीलाही ठाऊक. ठाऊक नव्हते ते फक्त मराठीच्या प्राध्यापकाला.

आता त्या जून महिन्यातल्या गोष्टीकडे येतो.

प्रथम वर्षाचा पहिला तास होता. पहिल्या तासाला आपला वचक बसला पाहिजे, असा माझा वर्षानुवर्षांचा खाक्या. हजेरी झाल्याबरोबर मी पहिल्या बाकाच्या टोकाला बसलेल्या एका मुलीला उभे केले. ती भुदरगडाकडच्या एका खेड्यातून आली होती. पुस्तक उघडून तिला मोठ्याने वाचायला सांगितले. ती चांगले वाचीत होती. आवाज कापत होता, एवढेच. मध्येच मी प्रश्न विचारला. ती म्हणाली, “न्हाई सर, तसं न्हवं ते...” आणि मी तिला तिथेच तोडले. “‘न्हाई’ नव्हे, ‘नाही’. हा मराठीचा वर्ग आहे.” वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही थोडा हसलो. ती पुढचे वाक्य बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या बाकावर होती. पंधरवड्यात तिने मराठी सोडून अर्थशास्त्र घेतले.

त्यानंतर माझे डोके फिरलेले होते, ते स्वतःवर नव्हे. ‘हल्लीच्या मुलांना काही म्हणून सोसत नाही,’ असे मी घरी म्हणालोदेखील! माझा डोळा उघडला तो मिस्त्रींच्या शेजारी पाटावर बसल्यावर, आणि तोही त्यांच्या इंजिनामुळे नव्हे, त्यांच्या बोलण्यामुळे. ‘हाय’, ‘न्हाई’, ‘आवं’ असे ते बोलत होते आणि त्यातले प्रत्येक अक्षर मला गोड वाटत होते. काकवीची उपमा मी त्याच दिवशी टिपून ठेवली होती. म्हाताऱ्याच्या तोंडी जी भाषा मला रसाळ वाटत होती, तीच त्या मुलीच्या तोंडी मला चूक वाटली होती. पहाटेची एस.टी. धरून ती आली होती. नवी इमारत, नवी माणसे, आणि मी माझ्या वर्षानुवर्षांच्या तापलेल्या अंगाने तिची थंडी मोजली होती. तिचे वाक्य बहुधा बरोबर होते. ‘तसं न्हवं ते’ म्हणायला धीर लागतो. ते वाक्य काय होते, हे मला अजून कळलेले नाही.

मग मी दुसरी चूक केली. प्रायश्चित्त म्हणून मी नव्याने आलेल्या तुकडीपुढे दोन आठवडे नुसत्या गप्पा मारल्या. गावे विचारली, विनोद सांगितले, कवितेला हातच लावला नाही. मुले प्रथम खूश होती. मग जांभया देऊ लागली. एक मुलगा आदबीने म्हणाला, “सर, शिकवायला कधी सुरुवात करायची?” प्लगवर काजळी धरली होती!

दसऱ्याला मी मिस्त्रींबरोबर दसरा चौकात गेलो. सोने लुटण्याच्या सोहळ्याला छत्रपतींच्या घराण्याची संस्थानी काळातली मेबॅक मोटार येते. गर्दी तिचे रूप पाहत होती. मिस्त्री डोळे मिटून तिचा आवाज ऐकत होते. “ह्याच कारखान्यानं झेपेलिन विमानांची इंजिनं केल्ती,” ते माझ्या कानात म्हणाले. “बघा कशी चालतीया. तापवून आणलीया कुणीतरी जाणत्यानं.”

परतताना गर्दीत ती मुलगी दिसली. मामाकडे सणाला आली असावी. बोटाशी एक लहान पोर होते. तिने मला पाहिले. टाळता आले असते, पण तिने टाळले नाही. पुढे आली, वाकून नमस्कार केला आणि आपट्याचे पान माझ्या हातावर ठेवले. मी चार महिने मनात घोळवलेले वाक्य कसेबसे बाहेर काढले. “पहिल्या दिवशी मी तुला मध्येच तोडलं. ती माझी चूक होती. तू अगदी बरोबर बोलत होतीस.”

“व्हय सर,” ती म्हणाली. आणि लगेच, घाईने, “हो सर.”

वाटेत मी बराच वेळ बोललो नाही. मग मिस्त्रींना विचारले, “मामा, गार इंजिनाला रेस दिल्यानं बोअरला ओरखडा पडला, तर तो जातो का हो?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. कसल्या बोअरबद्दल मी विचारतो आहे, हे त्यांना कळले की नाही, सांगता येत नाही. “ओरखडा जात न्हाई,” ते म्हणाले. “पर गाडी चालायची थांबत न्हाई. चांगल्या इंजिनाची तर न्हाईच न्हाई. तुमी म्होरच्या येळंला नीट करा.”

यंदा जूनमध्ये नवा वर्ग आला. मी हजेरी घेतली. प्रत्येकाला गाव विचारले आणि कुठल्या गाडीने आलात ते विचारले. एवढेच, गप्पा नाहीत. मग फळ्यावर एक साधा शब्द लिहिला आणि म्हणालो, “तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात, ते ज्याला वाटेल त्याने सांगावे.” आधी कुणी बोलेना. खिडकीबाहेर पाऊस होता, ओल्या छत्र्यांचे पाणी भिंतीकडेने वाहत होते. मग मागून एक आवाज आला, त्याला दुसऱ्याने खोडले, कागलकडच्या मुलाने राधानगरीच्या मुलीशी वाद घातला. मी खडू हातात धरून उभा होतो. मध्ये बोलायचा मोह दोन-तीनदा झाला. मी बोललो नाही. कवितेचे पुस्तक टेबलावर मिटलेले होते. त्याला अजून पाच-दहा मिनिटांचा अवकाश होता.